अडीनडीची पुंजी कोणाची?



काही महिन्यांपूर्वी इशाची नमाज आटोपून लोक पांगले, तरी एक गृहस्थ मशिदीच्या खांबाला टेकून बसून राहिले. नगरच्या एमआयडीसीत ते कंत्राटी कामाला आहेत. नेहमी पहिल्या सफेत असतात, पण सहसा काही विचारत नाहीत. त्यांच्या शेजाऱ्याच्या तरुण मुलाला मोटारसायकलचा अपघात झाला होता. मांडीचे हाड मोडले होते, परवा शस्त्रक्रिया होती आणि तत्पूर्वी रुग्णालयात रक्कम भरायची होती. शेजाऱ्याने ४० हजार रुपये उसने मागितले होते. या गृहस्थांच्या घरात ४२ हजार होते. पत्नीने शिवणकाम करून आणि घरखर्चातून वाचवून तीन वर्षांत जमवलेले. पतीची इच्छा द्यावेत अशी होती, पत्नीने मात्र नकार दिला होता. ते मला दखनीत म्हणाले, त्याचे मराठी असे होईल : "मौलाना, माझ्या घरच्या माणसाचा तवक्कुल कच्चा आहे का?"

मी विचार न करता उत्तर दिले. जो बांधवाचे संकट दूर करतो त्याचे संकट अल्लाह कियामतच्या दिवशी दूर करतो, या आशयाची हदीस ऐकवली, कर्ज-ए-हसनाचे पुण्य सांगितले. ते समाधानाने घरी गेले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. हदीस खरी होती, पण उत्तर चुकले होते. पैसा कोणाचा, हा पहिला प्रश्न मी विचारलाच नव्हता. शिवणकामाची कमाई त्या भगिनीची होती. पुरुषांना त्यांच्या कमाईचा वाटा आणि स्त्रियांना त्यांच्या कमाईचा, हे सूरह निसाने स्पष्ट केले आहे. दुसऱ्याच्या मिळकतीतून दानशूर होण्याचा सल्ला मी एका पतीला दिला होता, आणि तोही दीनच्या नावाने.

म्हणून तो प्रश्न आज आपणांसमोर पुन्हा मांडतो. घरात अडीनडीसाठी राखलेला पैसा दुसऱ्याच्या अडीनडीला द्यावा की नाही?

प्रथम तवक्कुलविषयी. बचत म्हणजे अल्लाहवरील अविश्वास, असे आपल्यातील काही सज्जन मनापासून मानतात. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू पाहणाऱ्यास प्रेषितांनी (स.) आधी त्याला बांध, मग भरवसा ठेव असे शिकवले, हे आपण जाणतोच. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, बनू नजीरच्या बागांच्या उत्पन्नातून प्रेषित (स.) आपल्या कुटुंबाची वर्षभराची बेगमी बाजूला काढून ठेवीत. ही हदीस आदरणीय उमर (रजि.) यांच्याकडून बुखारीत आली आहे. दुसरीकडे, आदरणीय अनस (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) उद्यासाठी काही साठवून ठेवीत नसत. भाष्यकारांनी या दोहोंचा मेळ घातला आहे : स्वतःसाठी साठवीत नसत, पोष्य कुटुंबासाठी साठवीत. परंतु ती वर्षाची बेगमी वर्षभर टिकत असे काय? पाहुणे येत, गरजवंत येत. प्रेषितांचे (स.) देहावसान झाले तेव्हा त्यांचे चिलखत ३० साअ जवांपोटी एका यहुदी गृहस्थाकडे गहाण होते. म्हणजे बेगमी होती आणि तिचे दार उघडेही होते. हे दोन्ही एकाच घरात होते, हे विसरून आपण कधी एक हदीस घेतो, कधी दुसरी.

आपण 'अचानक आलेला खर्च' म्हणतो. खरे सांगायचे तर असे खर्च फार थोडे असतात. जूनमध्ये शाळा उघडते, पावसाळ्याआधी पत्रे बदलावे लागतात, बहिणीच्या मुलीचे लग्न निघते, वडिलांना मधुमेह असतो. यांतले अनपेक्षित काय? तारीख तेवढी ठाऊक नसते. इजिप्तच्या राजाला सात पुष्ट आणि सात रोड गायींचे स्वप्न पडले होते. आपल्याला स्वप्न पडत नाही, पण रोड गायी येणार हे नगर जिल्ह्यातील माणसाला स्वप्नावाचूनही कळते. पर्जन्यछायेचा हा मुलूख. १९७२ च्या दुष्काळाच्या, खडी फोडण्याच्या कामांच्या आठवणी अजून घरोघरी वृद्धांकडून ऐकू येतात.

सूरह यूसुफमधील योजना मी अनेकदा वाचली होती, पण त्या रात्री ती नव्याने वाचली. पिकाच्या वर्षांत धान्य कणसातच राखायचे, खाण्यापुरते तेवढेच मळायचे. दुष्काळाची वर्षे साठा खाऊन टाकतील, पण तेव्हाही थोडे राखून ठेवायचे. हा शेवटचा भाग आपण वाचून पुढे जातो. संकट आले तरी कणगी पार रिकामी करायची नाही, पुढच्या पेरणीचे बी उरले पाहिजे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंब कारखान्याचे गाळप सुरू होण्यापूर्वीच मुकादमाकडून उचल घेते आणि यायचा हंगाम आधीच खाऊन बसते. दोष त्या कुटुंबाचा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्याच्या कणगीत कधी काही पडूच दिले गेले नाही.

आणि त्या कथेत आणखी एक गोष्ट आहे. कोठार इजिप्तचे होते, तरी कनआनहून आलेल्या परक्यांनाही तेथून धान्य मिळाले. प्रत्येकी एक उंटभार, मोजून. यूसुफ (अलै.) यांनी साठा आहे म्हणून दार लावून घेतले नाही आणि दया आली म्हणून कोठार उपसूनही दिले नाही. देण्याला माप होते.

आपल्याच तालुक्यात याचे जिवंत उदाहरण आहे. हिवरे बाजार हे गाव पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली दुष्काळातून वर आले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या बंधाऱ्यांचे कौतुक पुष्कळ होते. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा पाण्याचा ताळेबंद. यंदा पाऊस किती पडला, जमिनीत किती पाणी आहे, हे गाव दरवर्षी मोजते आणि मग ग्रामसभा पिके ठरवते. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी, शेती त्यानंतर. जास्त पाणी पिणारा ऊस नको, शेतीसाठी बोअर नको. आपल्या शरीअतचा क्रमही असाच आहे. खर्चाची सुरुवात आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांपासून करावी, आणि त्यांची आबाळ करणे एवढे पापही माणसाला पुरेसे आहे, अशा आशयाच्या हदीसा आहेत. आदरणीय सअद बिन अबी वक्कास (रजि.) सारी संपत्ती दान करू इच्छीत होते, प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशावर थांबवले आणि तेही पुष्कळ आहे असे म्हटले. वारसांना लोकांपुढे हात पसरावे लागू नयेत, हे कारण होते.

येथवर पाहता त्या भगिनीचाच पक्ष खरा ठरतो. पण विषय येथे संपवणे मला सोयीचे वाटले तरी प्रामाणिक वाटत नाही. तिकडे एक मुलगा मोडलेल्या हाडासह खाटेवर होता. त्याची गरज आजची होती. हिच्या घरावरील संकट संभाव्य होते. दुसऱ्याची निश्चित गरज आणि आपली संभाव्य गरज यांत दुसरी नेहमीच वरचढ कशी ठरेल? 'मी जकात देतो, माझी जबाबदारी संपली' असे म्हणणाऱ्यांनी सूरह बकराची १७७ वी आयत पाहावी. तेथे नातलग, अनाथ, गरजू यांना संपत्ती देण्याचा उल्लेख एकदा आहे आणि जकातीचा त्यानंतर वेगळा.

शिवाय, केवळ साठवल्याने आपण सुरक्षित होतो, हा भ्रमही नगरकरांचा फिटला आहे. १९१० साली स्थापन झालेली नगर अर्बन बँक म्हणजे येथील कित्येक पिढ्यांचा विश्वास. डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि खात्यातून १० हजारांपलीकडे रक्कम काढता येईना. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते, पण उपचारासाठी आज हवा असलेला पैसा पुढे कधीतरी मिळणे, ही वेगळी गोष्ट आहे. या लोकांनी काही उधळपट्टी केली नव्हती. त्यांनी बचतच केली होती. हिजरतच्या रात्री, जीवावर उठलेल्या मक्कावासीयांच्या ठेवी परत करण्यासाठी प्रेषितांनी (स.) आदरणीय अली (रजि.) यांना मागे ठेवले; दुसऱ्याची ठेव सांभाळणे काय असते, याचे माप आमच्याकडे ते आहे. पण ज्याची ठेव अडकली, त्याला त्या दिवशी शेजाऱ्याखेरीज कोण होते?

मिंबरवर उभा राहून मी व्याज हराम आहे असे सांगतो. ते हराम आहेच. पण रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या बापाला मी काय देतो? खासगी सावकाराचा नंबर त्याच्या फोनमध्ये असतो, मशिदीतील कोणाचा नसतो. आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणारा माणूस मोहल्ल्यात दर मंगळवारी न चुकता येतो. आपण व्याजाचा निषेध दर शुक्रवारी करतो, पण त्याला पर्याय वर्षानुवर्षे देत नाही, हा दोष प्रथम आम्हा इमामांचा आहे.

अशअरी कबिल्याविषयी एक हदीस आहे. प्रवासात किंवा घरी अन्न कमी पडले की ते लोक प्रत्येकाजवळचे सारे एका कापडावर आणीत आणि एकाच मापाने सारखे वाटून घेत. ते माझे आणि मी त्यांचा, असे प्रेषितांनी (स.) त्यांच्याविषयी म्हटले. तेथे एका घराला दुसऱ्या घरासाठी संपूर्ण रिकामे व्हावे लागले नाही. माझ्या चुकलेल्या उत्तराचे मूळ मला येथे सापडले. मी ४० हजारांचा प्रश्न एका स्त्रीच्या डब्यापुढे ठेवला होता. तो कापडावर ठेवायचा होता.

आपल्या भगिनींना हे कापड नवे नाही. त्या त्याला भिशी म्हणतात. बारा जणींनी दरमहा सारखी रक्कम टाकायची, चिठ्ठी निघेल तिने त्या महिन्याची रक्कम उचलायची. प्रत्येकीने जेवढे दिले तेवढेच परत मिळत असेल तर हे परस्परांना दिलेले बिनव्याजी कर्ज आहे आणि उलमांनी ते योग्य ठरवले आहे. लिलावाची भिशी मात्र वेगळी. गरजवंत सर्वांत कमी रकमेवर राजी होतो आणि त्याच्या अडचणीचा पैसा बाकीचे वाटून घेतात. तो कर्जावरील लाभ आहे, त्यापासून दूर राहावे. आणि साधी भिशी असली तरी हिशेब लिहून ठेवावा. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याची नोंद करण्याविषयी आहे. ओळखीच्या माणसाला उसने देताना लिहून मागायला आपण लाजतो, आणि पुढे पैशाबरोबर ओळखही गमावतो.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. माझे कालचे उत्तर अपुरे होते, पैसे तुमच्या पत्नीचे आहेत आणि निर्णयही त्यांचाच, असे दारातच सांगितले. आतून त्या भगिनींचा आवाज आला. निर्णय त्यांनी रात्रीच घेतला होता. ४२ हजारांपैकी १० हजार त्या देणार होत्या. मुलीच्या जुन्या वहीत तारीख, रक्कम आणि दरमहा १ हजारप्रमाणे परतफेड असे लिहून शेजारणीची सहीही त्यांनी घेतली होती. मग त्यांनी विचारले, "मौलाना, इशाला मशिदीत किती लोक असतात?"

मी म्हणालो, साठ-सत्तर तरी असतील.

"मग उरलेले ३० हजार माझ्याच डब्यातून का?"

त्या रात्री इशानंतर मी रुमाल अंथरला. कोणी दोनशे दिले, कोणी दोन हजार. एक विद्यार्थी पन्नासची नोट घेऊन उभा होता; त्याचेही नाव लिहून घेतले, कारण ते दान नव्हते, परत करायचे होते. मोजणी ३१ हजार ४५० भरली. परतफेडीचे हप्ते आता दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला येतात, आणि वही मशिदीच्या कपाटात कुरआनच्या खालच्या फळीवर असते.