घरातील ससा : हौस नव्हे, अमानत

सर्व स्तुती त्या पालनकर्त्यासाठी आहे, ज्याने धरतीवरील प्रत्येक जीवाच्या उपजीविकेची जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि सलाम असो त्या प्रेषितांवर (स.), ज्यांना साऱ्या विश्वासाठी कृपा म्हणून पाठविण्यात आले.

ईद झाली, मुलांच्या हाती ईदी आली की अनेक घरांत पांढऱ्या सशाचा हट्ट सुरू होतो. हा हट्ट आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या मोहल्ल्यांतही तो ऐकू येतो. मग जोडी आणली जाते, तिला पिल्ले होतात आणि ती विकली किंवा वाटली जातात. हा विषय कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु एका मांजरीला कोंडून उपाशी मारल्यामुळे एक स्त्री नरकाग्नीस पात्र ठरली, अशी वार्ता ज्या प्रेषितांनी (स.) दिली, त्यांच्या अनुयायांना मुक्या जीवाचा प्रश्न क्षुल्लक मानता येत नाही.

प्रथम हे स्पष्ट असावे की प्राणी पाळणे इस्लामला अमान्य नाही. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याने एक चिमणा पक्षी पाळला होता. तो मेला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या बालकाची प्रेमाने विचारपूस केली, पक्षी का पाळलास, असे विचारले नाही. याच घरातील दुसरी हकिकत सशाची आहे. मर्रुज्जहरान येथे हजरत अनस (रजि.) यांनी ससा पकडला, हजरत अबू तलहा (रजि.) यांनी तो जबह केला आणि त्याच्या मांड्यांचा भाग प्रेषितांकडे पाठविला, त्यांनी तो स्वीकारला. म्हणून बहुसंख्य विद्वानांच्या मते ससा हलाल आहे. मांसासाठी ससे पाळून, त्यांना नीट खाऊ घालून, शरीअतच्या रीतीने जबह करणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही.

प्रश्न वेगळाच आहे. जो जीव आपण केवळ हौसेसाठी जन्माला येऊ देतो, त्याचे पुढे काय होते?

त्या स्त्रीचा अपराध नीट पाहा. मांजर ठेवली, हा तिचा अपराध नव्हता. तिने तिला स्वतः खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजरीला निदान दुसरा मार्ग होता. पाळीव सशाला तोही नाही. तो युरोपातील रानटी सशाचा वंशज आहे. सेनगाव-औंढ्याच्या शिवारात उड्या मारणारा आपला रानससा हा निराळाच प्राणी आहे. पिंजऱ्यात वाढलेला ससा माळावर सोडणे म्हणजे त्याला कुत्र्यांच्या तोंडी देणे होय. याला मुक्तता म्हणता येणार नाही. पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. उलट, शिवारातील रानसशाची पिल्ले धरून आणून पाळण्यास 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो.

आता हिशेब करू. सशाची मादी सुमारे एका महिन्यात विते आणि व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. ती वर्षात पाच वेळा व्याली आणि दर वेळी पाचच पिल्ले जगली, तरी पंचवीस जीव झाले. त्यांतील माद्या पाच-सहा महिन्यांत स्वतः माता होऊ लागतात. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे जगू शकतो. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत गवत चघळायला लागते. त्याला घाम येत नाही. मराठवाड्याचा चाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा पत्र्याखालच्या पिंजऱ्यात त्याच्या जिवावर बेततो. पंचवीस पिल्लांसाठी अशी पंचवीस घरे आपल्याजवळ आहेत काय? नसतील, तर त्यांना जन्माला येऊ देण्याची जबाबदारी कोणाची?

दमास्कसचे थोर विद्वान इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू इ. स. 1262) यांनी जनावरांचे माणसावरील हक्क मोजून सांगितले आहेत. जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले, तरी त्याच्यावर खर्च करणे हा त्यांतील एक हक्क आहे. हनफी विद्वानांच्या मतेही मालकावर जनावराचे खाणेपिणे ईश्वरासमोर बंधनकारक आहे. इमाम अबू यूसुफ यांच्या मते तर न्यायाधीश त्याला तसे करण्यास भागही पाडू शकतो. ज्याची विक्री झाली नाही, त्या पिल्लाचा हक्क विक्री न झाल्याने संपत नाही.

म्हणून जो जीव आधीच जन्मलेला आहे व ज्याला कोणी विचारत नाही, त्याचा हक्क पहिला आहे. मुंबईत परळ येथील बाई साकरबाई पेटिट प्राणी-रुग्णालयासारखी संस्था प्रत्येक जिल्ह्याला लाभत नाही. लहान गावात नको झालेल्या सशाचे आश्रयस्थान म्हणजे आपलेच घर. मुलाने हट्ट धरला तर दुकानाकडे वळण्यापूर्वी मोहल्ल्यात, नातलगांत, जुम्याच्या नमाजनंतर भेटणाऱ्या चार माणसांत विचारावे. कोणाच्या तरी अंगणात पिंजरा अडगळीत पडलेला असेल आणि आतला जीव पाण्याची वाट पाहत असेल. एका तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याचे पाप अल्लाहने माफ केले. असा ससा घरी आणणे हे त्याच वाटेवरचे पाऊल आहे.

घरी जोडी असेल तर नर व मादी वेगळे ठेवावेत. शस्त्रक्रिया करायची झाल्यास, जनावराच्या हितासाठी नराचे खच्चीकरण हनफी विद्वानांनी वैध मानले आहे. त्यासाठी सशांवर उपचार करणारा जाणकार पशुवैद्य गाठावा. जे पिल्ले विकतात त्यांनी घेणाऱ्यापासून खरी माहिती लपवू नये : हा जीव किती वर्षांचा सोबती आहे, काय खातो, उन्हात कसा जपावा. मालातील दोष झाकून केलेल्या विक्रीत बरकत नसते. येथे तर माल म्हणजे धडधडणारे काळीज आहे. दुकान थाटणाऱ्यांनी 2018 च्या नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणेही आवश्यक आहे.

मातांनो, पित्यांनो, मुलाला ससा देताना त्याच्या हाती खेळणे देत नाही, एक अमानत सोपवीत आहोत, हे त्याला सांगा. फजरनंतर पाणी बदलणे, दुपारी सावली पाहणे, सायंकाळी गवत घालणे, हे काम त्याच्याकडे द्या आणि त्यावर लक्ष ठेवा. तो कंटाळला तर ते काम आता तुमचे आहे, कारण अंतिम न्यायाच्या दिवशी त्या जीवाविषयीचा प्रश्न घरातील थोरांना विचारला जाईल.

हे अल्लाह, आमच्या हाताखाली असलेल्या प्रत्येक जीवाविषयी आम्हाला तुझे भय व दया दे. आमीन.