दान आणि वहिवाट

तारण एकदा लाभले म्हणजे माणसाचे काम संपले, की तेथूनच ते सुरू झाले? ख्रिस्ती धर्मविचारातील हा प्रश्न फार जुना आहे. परंतु तो केवळ ख्रिस्ती वाचकांपुरता आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्याने आयुष्यात एखादे व्रत मनापासून पत्करले, त्याला संकल्पाचा दिवस आणि त्यानंतरची वर्षे यांतील अंतर ठाऊक असते.

शास्त्रकारांचे यावर एकमत नाही. १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने सांगितले की, विशेष साक्षात्काराखेरीज आपण शेवटपर्यंत टिकूच अशी निःसंशय खात्री कोणी बाळगू नये. उलट १६१८-१९ मध्ये हॉलंडातील डॉर्ट येथे भरलेल्या प्रॉटेस्टंट धर्मसभेने ठरविले की, देवाने ज्यांना निवडले त्यांना तो अखेरपर्यंत सांभाळतोच. मात्र तेही वाटेत गंभीर पापात पडू शकतात, हे तिने मान्य केले. एक पक्ष माणसाच्या गाफीलपणाला भितो, दुसरा त्याच्या निराशेला. आमच्या मते दोन्ही भये खरी आहेत.

आमचा व्यवसाय वकिलीचा, म्हणून दृष्टान्तही तिकडचाच सुचतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे बक्षीसपत्रास मोबदला लागत नाही, पण घेणाऱ्याचा स्वीकार लागतो. आणि देणाऱ्यास नुसत्या लहरीने दान परत घेता येत नाही. तारण हे अशाच जातीचे दान होय. त्यानंतरच्या निष्ठेला त्याची किंमत समजणे चूक आहे. ती त्याची वहिवाट आहे. शेत बक्षीस मिळाले, कागद पेटीत जपून ठेवला, आणि नांगर कधी धरलाच नाही, तर पीक कोठून यावे?

पण वहिवाट मध्येच खंडित झाली तर? इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने आज्ञा काढली की, प्रजेने देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. असे चाळिसांहून अधिक दाखले ईजिप्तमध्ये सापडले आहेत. कित्येक ख्रिस्ती जनांनी भयाने बळी दिला; कित्येकांनी बळी न देताच पैसे भरून दाखला मिळविला. छळ ओसरल्यावर हे लोक रडत मंडळीच्या दाराशी आले. रोममधील नोव्हेशियनचे म्हणणे असे की, मंडळीने त्यांना पुन्हा पदरात घेऊच नये. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मधला मार्ग धरला: प्रायश्चित्त हवे, प्रत्येकाच्या दोषाचा विचार वेगळा हवा, पण दार कायमचे बंद नको. हा सिप्रियन स्वतः त्या छळात लपून राहिला होता व त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली होती. पुढे २५८ साली नव्या छळात त्याने शांतपणे शिरच्छेद स्वीकारला. २५० सालीच त्याचा निकाल लावला असता, तर तो निकाल चुकला असता.

आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितले की, ख्रिस्ती धर्म तेव्हा सापडला खरा, पण ख्रिस्त सापडण्यास आणखी आठ वर्षे लागली. त्यानंतर दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आसरा देणे, केडगावचा संसार चालविणे, आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरविणे, हे सारे त्यांनी केले. भाषांतराचे काम पंधरा वर्षांहून अधिक चालले. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली, तरी ते थांबले नाही; १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. चिकाटीचे रूप बहुधा असेच असते. एका पानानंतर दुसरे पान, आणि पाहणारा कोणी नाही.

तेव्हा टिकणे म्हणजे कधीच न पडणे, ही व्याख्या आम्हांस मान्य नाही. तशी व्याख्या धरली तर पेत्रही बाद होईल. त्याने एका रात्रीत तीनदा आपल्या प्रभूस नाकारले होते. पडलेला मनुष्य ज्या दिशेला तोंड करून उठतो, तीवरून त्याची निष्ठा ओळखावी. आणि ज्या समाजात तो उठतो, त्यावरही एक कर्तव्य येते. गाफिलास जागे करावे हे योग्यच. पण परत आलेल्याला दाराबाहेर उभा ठेवण्याचा अधिकार, ज्याला स्वतःला सारे दानातच मिळाले आहे, त्याने कोणत्या कागदाच्या आधारे सांगावा?