सर्व राष्ट्रांची आस
आजचे वचन : हाग्गय २:७



इ.स.पूर्व ५२०. मंदिर पुन्हा बांधायला घेतलंय, पण पहिल्या मंदिराचं वैभव आठवून म्हातारी माणसं खट्टू झालीत. तेव्हा हाग्गय हे वचन देतो. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात सर्व राष्ट्रांना हवासा वाटणारा 'तो' येईल असं आहे, आणि नाताळात आपण तेच धरून बोलतो. मूळ इब्रीत मात्र क्रियापद अनेकवचनी आहे. पुढच्याच वचनात सोन्यारुप्याची गोष्ट आहे, म्हणून बरेच अभ्यासक 'राष्ट्रांची मौल्यवान धनं' असा अर्थ घेतात. एका शब्दावर एवढी मोठी शिकवण टांगू नये असं मलाही वाटतं.

पण प्रश्न व्याकरणाचा नाहीच. शेगावची पालखी आमच्या परळी-अंबाजोगाईवरून पंढरपूरला जाते. पायाला फोड आलेल्या त्या वारकऱ्याला विचारा, तो विठोबाचंच नाव घेईल. "माऊली, तुम्हाला खरं तर येशू हवाय," असं मी म्हणालो तर ते प्रेम की आगाऊपणा?

इथे मला रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पण हे त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं, तुकोबांच्या तोंडी घातलं नाही. आणि घरातल्या लक्ष्मीबाई? त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. नवऱ्याची तहान बायकोच्या नावावर चढवता येत नाही, मग परक्याची कशी चढवू?

तरी सर्वांना तारणारा हवा आहे हे मी सोडत नाही. आमच्या जिल्ह्यात ते डोळ्यांनी दिसतं. दसरा-दिवाळीला कोयते निघतात, नवराबायको, लेकरं, सगळा संसार ट्रॅक्टरवर. मुकादमाची उचल फिटली नाही की पुढच्या हंगामालाही जावंच लागतं. खंडणी भरून सोडवणारा म्हणजे काय, हे त्यांना मी काय समजावणार!

कबूल करतो, गेल्या नाताळच्या माझ्या संदेशात 'सर्व राष्ट्रे' कितीतरी वेळा आलं. फडावर गेलेल्यांसाठी त्या दिवशी मी प्रार्थनाही केली नाही.

प्रभू, पट्टा पडून ती माणसं गावी येतील, तेव्हा मला आधी त्यांच्या ओट्यावर बसून ऐकायला लाव. आमेन.