आधी नकाशा, मग यंत्र

घाटवाटा करायला लागलेली तरुण मंडळी बरेचदा विचारतात, "दादा, हातात धरायचं जीपीएस कोणतं घेऊ?" मी आधी विचारतो, त्यात नकाशा कोणता टाकणार? उपग्रहांचे संकेत पकडून अक्षांश-रेखांश काढण्याचं काम आता बहुतेक यंत्रं चोख करतात. नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली, तेव्हापासून शंभरेक मीटरांचा घोळ दहाएक मीटरांवर आला आहे. पण आपण उभे आहोत तिथून कातळाच्या पोटाने जायचं की माथ्याने, हे त्या आकड्यांत नसतं. ते नकाशात असावं लागतं, आणि सह्याद्रीचा नकाशा करणं सोपं नाही.

सह्याद्री लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. उभा कातळ, त्यावर झाडीचा सपाट पदर, पुन्हा कातळ. कोकणातून वर येणारी वाट जिथे थर फुटला आहे तिथूनच चढते. कुठे नाळ, कुठे सोंड, कुठे खोदलेल्या चार पावठ्या. ती फट काही पावलांचीच असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि डोंगराळ भागात समोच्च रेषा वीस-वीस मीटरांवर. म्हणजे पंधरा मीटरांचा सरळसोट कातळ दोन रेषांच्या मध्ये अख्खा लपू शकतो. कड्याची खूण काढलेली असली तर ठीक, नाहीतर कागदावर तो नुसता चढ दिसतो.

मोबाइलमधल्या नकाशांवरच्या उंचीच्या रेषा बहुधा आणखी वेगळ्या ठिकाणाहून आलेल्या असतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवस रडारने पृथ्वी मोजली. त्या मोजणीतून सुमारे तीस-तीस मीटरांच्या चौकटीला एक उंची, असा साठा तयार झाला आणि पुष्कळ फुकट नकाशे त्यावरच उभे आहेत. आता हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा डोळ्यांसमोर आणा. तो आत वळलेला आहे. एका चौकटीला एकच उंची दिली, की असा कडा नकाशावर मावतच नाही आणि त्याच्या जागी तीव्र उतार उरतो. ज्याने कोकणकडा पाहिला आहे तो फसणार नाही. आडवाटेवरचा निनावी कडा असाच उतार बनून समोर आला, तर मात्र ओळखणं कठीण. म्हणून मी निघण्याआधी तीन गोष्टी शेजारी ठेवून बघतो: टोपोशीट, ओपनस्ट्रीटमॅप आणि उपग्रहचित्र. उपग्रहचित्र शक्यतो दुपारनंतर घेतलेलं मिळालं तर पश्चिमेकडचे कडे उजेडात असतात. सकाळच्या चित्रांत ते सावलीत बुडालेले असतात.

जुन्या टोपोशीटबाबत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ती पत्रकं एव्हरेस्ट या जुन्या संदर्भ-पृष्ठावर बेतलेली आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हे पृष्ठ मानतं. यंत्राच्या सेटिंगमध्ये हा फरक जुळवला नाही, तर आपल्या भागात बिंदू साधारण शंभर मीटर सरकतो. शंभर मीटर म्हणजे सपाटीवर काहीच नाही. नाळेच्या तोंडाशी मात्र तेवढ्यात तुम्ही शेजारच्या नाळेत जाता, आणि शेजारची नाळ वर कुठे तरी धबधब्याच्या कातळाला भिडते. स्कॅन केलेलं पत्रक यंत्रात टाकलं असेल, तर देवळासारख्या पक्क्या जागी उभं राहून बिंदू देवळावर पडतो का, ते गावातच तपासावं.

यंत्राचं म्हणाल तर माझी पसंती ठरलेली आहे. बटणांचं हवं, कारण पावसात भिजलेला टचस्क्रीन बोट ओळखत नाही. पेन्सिल सेलवर चालणारं हवं, कारण ते सेल वाडीतल्या दुकानातही मिळतात. गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेतली साधी यंत्रं यात छान बसतात. दोन वारंवारतांवर संकेत घेणारी महाग यंत्रं खोल नाळेत उपयोगी पडतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आपटून आलेले संकेत ती अधिक चांगले ओळखतात, त्यामुळे बिंदू भिंतीपलीकडे उड्या कमी मारतो. रोज किल्ल्याच्या मळलेल्या वाटेने जाणाऱ्याने तेवढा खर्च करू नये. त्याला मोबाइल आणि एक पॉवर बँक पुरे.

वायुदाबावर चालणारा उंचीमापक मात्र असावाच. आपल्या डोंगरात 'कुठल्या पदरावर आहोत' हा खरा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर तोच देतो. त्यालाही सांभाळावं लागतं. दाब एका मिलिबारने बदलला, की उंची आठ-नऊ मीटरांनी बदललेली दिसते. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो, त्यामुळे एकाच दगडावर बसून राहिलात तरी दुपारी उंची वीसेक मीटर वाढते. ओळखीची उंची असलेली खिंड किंवा गाव लागलं, की आकडा दुरुस्त करायचा.

एकदा अशाच एका पदरावर, मुरबाडकडच्या वाडीतले एक मामा बरोबर होते. यंत्रात दुसऱ्या कुणाचा तरी ट्रॅक होता आणि तो उजवीकडे जात होता. मामा डावीकडे वळले. म्हणाले, "तकडं दरड आलीया, सर. गुरं बी जात न्हाईत आता. हिकडनं या." कारवी बाजूला सारत ते पुढे झाले, वाटेत पाण्याचं डबकं दाखवलं, कुणाचा बैल कुठे पडला होता तेही सांगितलं. उतरवून घेतलेला ट्रॅक ही एका माणसाची एका दिवसाची चाल असते. तो डिसेंबरात गेला की पावसाळ्यात, पाठीवर दोर होता का, हे त्या रेघेत दिसत नाही. मामांसारखी माणसं आता थोडी उरली आहेत. वाडीपर्यंत डांबरी आली, तशी बाजाराला चढून जायची गरज सरली आणि वाटा बुजू लागल्या. ही माहिती नोंदवणं मला यंत्र निवडण्याइतकंच निकडीचं वाटतं.

एक इशारा. अमेरिकेत किंवा युरोपात राहणारे नातेवाईक हौसेने उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भेट आणतात. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते भारतात बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर प्रवासी त्यापायी अडकले आहेत. त्यांना आधीच कळवून ठेवा. आपण मात्र कुठून चढणार, कुठे उतरणार आणि किती वाजेपर्यंत, हे पायथ्याच्या वाडीत सांगून निघायचं.

परतल्यावर ट्रॅक साफ करून ओपनस्ट्रीटमॅपवर वाट चढवता येते. ती चढवताना खोदीव पावठ्या, पाण्याचं टाकं, दरड पडलेली जागा यांच्या खुणा घालाव्यात, जवळच्या वाडीत म्हणतात तीच नावं द्यावीत, आणि टाक्यापुढे पाणी पाहिल्याचा महिना आठवणीने लिहावा.