नावाला जागणारा कपडा

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या हातांची वानवा कधीच नव्हती. कटिंग मास्टर डेनिमचे थरावर थर लावतो आणि एका दमात ढीगभर पँटींचे तुकडे पाडतो. मग कोणी फक्त खिसे बसवतो, कोणी लूप, कोणी बेल्ट. काज-बटण एका गाळ्यात, धागा-कटिंग दुसऱ्यात, प्रेस आणि पॅकिंग तिसऱ्यात. इतकं कसब तेरा चौरस किलोमीटरच्या शहरात एकवटलेलं आहे. तरीही गिऱ्हाइकाने दुकानात नाव घेऊन मागावा असा उल्हासनगरचा स्वतःचा ब्रँड चटकन आठवत नाही. याचं कारण भांडवलात किंवा कौशल्यात शोधायची आपल्याला सवय आहे. माझ्या मते खरी उणीव वेगळीच आहे. एकदा विचारपूर्वक ठरवलेली गोष्ट वर्षानुवर्षं न सोडण्याची शिस्त इथे रुजली नाही.

ती का रुजली नाही, हे समजून घेताना या शहराच्या जन्माकडे पाहावं लागतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. ज्यांच्या पाठीशी ना शेती होती ना पेढी, त्यांना आज विकून आज चूल पेटवता येईल असा माल हवा होता. बाजार परदेशी नाव मागत होता, त्यांनी ते दिलं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असं म्हणून लोक वर्षानुवर्षं हसत आले. त्या पिढीला हसणं मला अन्यायाचं वाटतं. पण जी नक्कल त्यांच्यासाठी जगण्याचा मार्ग होती, ती त्यांच्या नातवंडांसाठी सवय होऊन बसली. सवयीचा तोटा असा, की दुसऱ्याच्या नावाने विकलेल्या प्रत्येक पँटची कीर्ती दुसऱ्याच्याच खात्यात जमा होते.

लोगो काढला की ब्रँड झाला, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात त्याची सुरुवात कटिंग टेबलाच्याही आधी होते. डेनिमचा उभा धागा निळीत रंगवलेला असतो, आडवा पांढरा. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून धुताना वरचा रंग झिजतो आणि आतला पांढरा दिसू लागतो. डेनिमचं देखणेपण यातच आहे आणि डोकेदुखीही यातच. एकाच गिरणीतून आलेले दोन ताके धुतल्यावर एकाच छटेचे निघतील याची खात्री नसते. म्हणून काळजी घेणारा कारखानदार प्रत्येक ताक्याचा छोटा तुकडा कापतो, ते तुकडे एकमेकांना जोडून शिवतो, धुतो आणि मगच छटेप्रमाणे ताके वेगळे करतो. कापड उभं किती आटलं, आडवं किती, हे मोजतो आणि पॅटर्न तेवढा वाढवून घेतो. हे सगळं टाळलं तर 32 कंबरेची पँट एका लॉटमध्ये 31 भरते, दुसऱ्यात 33. अशा वेळी गिऱ्हाईक भांडायला येत नाही. ते पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानात जातं आणि आपलं नाव विसरतं. मापातला हा एक इंच सांभाळणं ही ब्रँडची पहिली परीक्षा आहे, आणि ती जाहिरातीच्या पैशांनी पास होता येत नाही.

दुसरी परीक्षा नजरेची. जीन्सचा जन्म एका शिंप्याच्या हातून झाला. अमेरिकेतल्या रेनो गावच्या जेकब डेव्हिसने कामगारांच्या पँटींचे खिसे फाटू नयेत म्हणून तांब्याच्या रिव्हेट ठोकल्या. कापड पुरवणाऱ्या लीवाय स्ट्रॉस यांच्याबरोबर 20 मे 1873 रोजी त्याला त्याचं पेटंट मिळालं. पेटंटची मुदत यथावकाश संपली आणि रिव्हेट ठोकायला सगळेच मोकळे झाले. मग लीवायकडे स्वतःचं असं काय उरलं? मागच्या खिशावरची दुहेरी कमानदार शिलाई, दोन घोड्यांचं चित्र असलेली चामड्याची पट्टी आणि 1936 पासून खिशाच्या कडेला शिवलेली ती इवलीशी लाल फीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने धागा वाचवण्यासाठी शोभेच्या शिलाईवर बंदी घातली, तेव्हा कंपनीने ती कमान खिशांवर रंगाने काढली. युद्धाच्या काळात एक रेघ गाळली असती तर कोणी दोष दिला नसता. तरीही ती गाळली नाही, म्हणून आज ती रेघ जगभर ओळखू येते. आपल्याकडे ज्या कमानीची नक्कल शिवली जाते, तिच्यामागे नेमका हा हट्ट उभा आहे. कमान उचलता येते, हट्ट उचलता येत नाही.

हे फक्त परदेशात जमतं असंही नाही. प्रसाद पाबरेकर या मराठी उद्योजकाने 1992 साली मुंबईत स्पायकर ही जीन्स सुरू केली. बाजारात परदेशी नावं येत असताना ती स्वतःच्या नावाने टिकली. आपल्याच रेल्वेमार्गावरच्या ठाण्यात 1925 साली गिरणी म्हणून सुरू झालेल्या रेमंडने ‘कम्प्लीट मॅन’ ही एक कल्पना नव्वदच्या दशकापासून धरून ठेवली. चेहरे बदलले, पण हळव्या, घरंदाज पुरुषाचं चित्र तेच राहिलं.

आता फॅशनच्या धंद्यात एकसारखं राहायचं कसं, असा रास्त आक्षेप कोणी घेईल. पायाची मोहरी कधी अरुंद होते, कधी रुंद. कंबर वर जाते, खाली येते. हे बदल करावेच लागतात. बदलायची नसते ती आपली निवड करण्याची दृष्टी: आपला कपडा कोणासाठी आहे, कोणते रंग आपले आहेत, आपण गिऱ्हाइकाशी कोणत्या भाषेत बोलतो. ही दृष्टी पक्की असली की नवी मोहरीही आपलीच वाटते. नसली, तर जुनीही उसनी दिसते.

बदलापूर-अंबरनाथच्या तरुणांबद्दल मला विशेष आशा आहे, आणि काळजीही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत बदलापूरची लोकसंख्या सुमारे 98 हजारांवरून पावणेदोन लाखांवर गेली. या नव्या वस्तीत वाढलेली मुलं आज तिरुपूरहून टी-शर्ट मागवून, त्यावर छपाई करून इन्स्टाग्रामवर विकतात. आरंभ उत्साहाचा असतो. मग या महिन्यात मराठी म्हणी, पुढच्या महिन्यात क्रिकेट, त्यानंतर शिवजयंती, नंतर ॲनिमे. दर वेळी नवं अक्षरवळण, नवा रंग, कापडाचं वजन कधी 180 जीएसएम, कधी 240. वर्षभराने घरात पडून राहिलेल्या मालाची पोती उरतात आणि गिऱ्हाइकाच्या मनात काहीच उरत नाही.

पैसा कमी आहे म्हणून मिळेल ते करावं लागतं, असं ही मुलं सांगतात. मला हिशेब उलटा दिसतो. ज्याच्याकडे भांडवल कमी, त्यालाच शिस्त अधिक परवडते. एकच टी-शर्ट, एकच कापड, तीन रंग आणि पाच मापं एवढंच केलं तर माल पडून राहत नाही, कारागिराचा हात बसतो, चुका घटतात. अक्षरांचंही तसंच. मुंबईच्या ‘एक टाइप’ने मुक्त आणि बलू यांसारखे देवनागरी फाँट विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. त्यातला एक निवडा आणि लेबलपासून खोक्यापर्यंत तोच वापरा. देवनागरीत आपलं नाव अभिमानाने मिरवणारं लेबल अजून फार थोड्या कपड्यांवर दिसतं. ती जागा मोकळी आहे.

शिस्तीचा आणखी एक पदर आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. वालधुनी नदी अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराशेजारून वाहत उल्हासनगरात शिरते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं निळं पाणी वर्षानुवर्षं तिच्यात सोडलं गेलं. वनशक्ती संस्थेने हरित लवादाकडे दाद मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि धुलाईच्या कारखान्यांना टाळं लागलं. हजारो हातांचं काम गेलं. ज्या मालावर कोणाचंच खरं नाव नसतं, त्याच्या सांडपाण्याचीही जबाबदारी कोणी घेत नाही. स्वतःचं नाव लावणाऱ्याला मात्र पाणी कुठे जातं आणि पीसमागे कारागिराला काय मिळतं, या दोन्हींचं उत्तर द्यावं लागतं. नाव लावणं म्हणजे जाब द्यायला तयार होणं.

म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतल्या तरुण कारखानदारांना माझं सांगणं आहे. आपलं नाव ठरवा आणि ट्रेडमार्क कायद्याच्या वर्ग 25 मध्ये ते नोंदवा. एका नोंदणीचं संरक्षण दहा वर्षं मिळतं आणि पुढे नूतनीकरण करता येतं. आपण काय करणार आणि काय कधीच करणार नाही, हे एका कागदावर लिहून कटिंग टेबलासमोर लावा. मोठी ऑर्डर हाती आली आणि ती त्या कागदाशी जुळत नसली, तर नाही म्हणा. निदान तीन वर्षं तरी त्या कागदातली एक ओळही बदलू नका. उल्हासनगरने पाऊणशे वर्षं दुसऱ्यांची नावं उत्तम शिवली. त्याच हातांना स्वतःचं नाव शिवता येईल यात मला शंका नाही. फक्त हे एका सीझनचं काम नाही, एवढं मनाशी पक्कं करून सुरुवात करा.