आजाऱ्यावरचा आळ

२५ जानेवारी २०१२ च्या सकाळी पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभी असलेली बस संतोष माने या एसटी चालकाने बाहेर काढली आणि भर वर्दळीच्या रस्त्यांवरून बेफाम पळवली. नऊ माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. संध्याकाळपर्यंत गावोगावच्या पारांवर निकाल लागला होता : डोकं फिरलं असणार. न्यायालयाला एवढ्या झटपट निकाल देता येत नाही. मानेवर पूर्वी उपचार केल्याची साक्ष एका मानसोपचारतज्ज्ञाने दिली, तरी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ चा आसरा त्याला मिळाला नाही. कारण कायद्याचा प्रश्न नेमका असतो : आपण काय करतो आहोत आणि ते चूक आहे, हे त्या क्षणी माणसाला कळत होतं का? फाशीची शिक्षा उच्च न्यायालयात कायम झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. आजार असणं आणि आजारामुळे गुन्हा घडणं या दोन वेगळ्या गोष्टी ठरवायला सात वर्षं लागली.

पारावरच्या निकालाची शिक्षा मात्र तिसऱ्यालाच भोगावी लागते. किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं, जुन्या नागपूर-मुंबई महामार्गावरचं गाव. अशा गावात ज्या घरी स्किझोफ्रेनियाचा किंवा बायपोलरचा रुग्ण आहे, तिथं टीव्हीवर अशी बातमी लागली की आवाज कमी केला जातो. गोळ्यांची पाकिटं आधीच गाद्यांच्या चवडीखाली किंवा धान्याच्या कोठीमागे ठेवलेली असतात. चिठ्ठी वेगळी, गोळ्या वेगळ्या. पाहुण्याच्या हाती पडल्या तरी कशाच्या आहेत हे कळू नये. 'डोक्याच्या गोळ्या' चालू आहेत असं एकदा गावात झालं की धाकट्या बहिणीची सोयरीकही अडते. मग चार महिने बरे गेले की घरातलंच कुणी म्हणतं, "आता कशाला? सवय लागंल." त्यात सोयाबीनची सोंगणी येते, हाती पैसा नसतो, वाशीमची फेरी चुकते आणि गोळी बंद पडते.

औषधंच माणसाला हिंसक करतात, अशी शंका घेणारेही पुष्कळ आहेत. ती उडवून लावण्यासारखी नाही. नैराश्यावरची काही औषधं सुरुवातीच्या आठवड्यांत जीव घालमेल करणारी अस्वस्थता आणतात. मुलांमध्ये आणि किशोरवयीनांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्यांवर ठळक इशारा छापायला लावला. बायपोलरच्या रुग्णाला नैराश्याचा समजून एकटी नैराश्याची गोळी दिली, तर उन्माद उफाळू शकतो. स्वीडनमधल्या २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात १५ ते २४ वयोगटात नैराश्यावरची औषधं आणि हिंसक गुन्हे यांच्यात संबंध दिसला. मोठ्या वयाच्या रुग्णांत तो दिसला नाही. औषध हे कारण की मूळ आजाराची तीव्रता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्याच देशातल्या २०१४ च्या अभ्यासात ८२ हजारांहून अधिक रुग्णांच्या आयुष्यातल्या दोन काळांची एकमेकांशी तुलना झाली. भ्रम-भासांवरची औषधं चालू असताना हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण, ती बंद असतानाच्या मानाने, ४५ टक्क्यांनी कमी होतं. यातून जो धडा निघतो तो साधा आहे : सुरुवातीला डॉक्टरांचं आणि घरच्यांचं लक्ष हवं, आणि मनाने गोळी सोडायची नाही.

आजाराचं नाव पुढे करून दुसरंही काही झाकलं जातं. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूरहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत पालघरजवळ रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने गोळीबार केला. त्यात त्याचा वरिष्ठ आणि तीन मुस्लिम प्रवासी ठार झाले. लगेच त्याच्या मानसिक आजाराची चर्चा सुरू झाली. रेल्वेने त्याबद्दल पत्रक काढलं आणि मागेही घेतलं. पोलिसांनी पुढे धर्माधर्मांत वैर पसरवल्याचं कलम लावलं. निकाल न्यायालय देईल. पण द्वेषाला आजार म्हणण्याची आपल्याला किती घाई असते, हे तेव्हा दिसलं. द्वेष शिकवला जातो, ऐकवला जातो, त्याला टाळ्या मिळतात. त्याचं ओझं मनोरुग्णाच्या खांद्यावर टाकणं हा अन्याय आहे.

लपवाछपवीची किंमत जगाने मार्च २०१५ मध्ये पाहिली. जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने विमान आल्प्सच्या डोंगरावर आदळवलं. त्याच्यासह दीडशे जण गेले. डॉक्टरांनी त्याला कामाला अयोग्य ठरवलं होतं, त्याने ते कंपनीला कळू दिलं नाही. आजार सांगितला की भाकरी जाते, हे जिथं ठरलेलं असतं तिथं माणूस आजार सांगत नाही. एसटीच्या चालकाला, शिपायाला, जवानाला रजा आणि उपचार मागताना नोकरीची भीती वाटू नये, ही व्यवस्था उभारणं प्रवाशांच्या जिवासाठीही गरजेचं आहे.

आणि आपल्या भागात आजाराचा घाव बहुतेक वेळा पडतो तो आजाऱ्यावरच. शेतकरी आत्महत्याग्रस्त ठरलेल्या राज्यातल्या चौदा जिल्ह्यांत वाशीम आहे. २०१५ मध्ये शासनाने त्यांच्यासाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, आशाताईंना घरोघरी विचारपूस करायला सांगितलं. कर्जाचं आणि नापिकीचं दुःख गोळीने जात नाही, हे खरंच. पण झोप उडालेल्या, जेवण सुटलेल्या माणसाला उपचार वेळेवर मिळाले तर त्या दुःखाशी लढायला तो उरतो. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर. किन्हीराजाच्या माणसाला चारही दूर. म्हणून जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आणि गावाजवळच्या आरोग्य केंद्रात अखंड मिळणारी गोळी, हीच इथली खरी गरज आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला आहे. तो हक्क गावकऱ्यांनी ग्रामसभेत उभं राहून मागितला पाहिजे.

१४४१६ हा 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत लागतो, रात्रीही लागतो. तो घरात लिहून ठेवा. आणि तुमच्या गल्लीत कुणाच्या डोक्याच्या गोळ्या चालू असतील तर त्याला भिऊ नका, हसू नका. वाशीमला जाताना त्याची चिठ्ठी मागून घ्या आणि गोळ्या आणून द्या.