नको असतानाही कोण ढकलतं? अर्जुनाचा प्रश्न आणि मदत मागण्याचा धर्म



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३६ ते ४३

कर्मयोगाच्या या अध्यायाच्या शेवटाकडे अर्जुन एक प्रश्न विचारतो. माणसाची स्वतःची इच्छा नसते, तरी कुणीतरी जबरदस्तीने ढकलल्यासारखा तो पाप करतो. हे त्याच्याकडून कोण करवून घेतं? प्रश्नातला एक बारकावा बघा. अर्जुन 'मी' म्हणत नाही, 'हा माणूस' म्हणतो. आपणही असंच करतो ना? अवघड गोष्ट विचारायची असली की "माझ्या एका मित्राला असा प्रॉब्लेम आहे" अशी सुरुवात करतो. भगवंत "कोण मित्र?" असं विचारत नाहीत. सरळ उत्तर देतात : हा काम आहे, हाच क्रोध आहे, रजोगुणातून आलेला आहे आणि याचं पोट कधीच भरत नाही.

आज या श्लोकांच्या आधाराने अशा विषयावर बोलायचंय, ज्यावर सत्संगात सहसा कुणी बोलत नाही : हाताबाहेर गेलेलं लैंगिक वर्तन. आणि प्रश्न असा, की भक्ती करणाऱ्या माणसाने त्यासाठी समुपदेशकाकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं समजायचं का?

एक कल्पित उदाहरण घेऊ. तिशीतला एक इंजिनिअर. लग्नाला चार वर्षं झालीत. सकाळी जप, एकादशीचा उपवास, सगळं नीट. पण रात्री बायको झोपली की फोन हातात येतो आणि दोन-तीन तास पॉर्नमध्ये जातात. पुढे अनोळखी लोकांशी चॅट सुरू होतं, पैसे जातात. सकाळी स्टँडअपला डोळे उघडत नाहीत. ॲप्स डिलीट होतात, शपथ घेतली जाते, माळा वाढतात. आठवडा बरा जातो आणि पुन्हा तेच. एक दिवस बायकोच्या हाती फोन लागतो.

यात दोष कुणाचा? आपल्याकडे दोन रेडीमेड उत्तरं असतात. पहिलं : "मी पापी आहे." ऐकायला नम्र वाटतं, पण इथे त्याचं एक चक्र होतं. घसरलो, लाज वाटली, लाजेने एकटा पडलो, एकटेपणा सोसवेना म्हणून पुन्हा तिकडेच गेलो. दुसरं उत्तर : "हा आजार आहे, मी काय करणार?" पहिलं उत्तर माणसाला कोपऱ्यात रडत बसवतं, दुसरं हात झटकू देतं. बायकोच्या वाट्याला दोन्हींतून काहीच येत नाही.

गीतेची वाट तिसरी आहे. या संपूर्ण उत्तरात भगवंत 'पापी' हा शब्द कामासाठी वापरतात, अर्जुनासाठी नाही. शत्रूला मार असं सांगताना शेवटी त्याला 'महाबाहो' म्हणून हाक मारतात. म्हणजे वेग एवढा जबरदस्त आहे हे मान्य, आणि लढायचं तुलाच आहे हेही तितकंच खरं. वेग मी मागवलेला नसेल, पण तो आहे हे कळल्यावर मी काय करतो, याचा हिशोब माझ्या नावावर आहे. आणि अर्जुनाने पहिली गोष्ट काय केली? जो जाणतो, त्याला विचारलं. मदत मागणं हा त्याच्या लढाईचाच भाग होता.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणतं ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, 'कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेविअर डिसऑर्डर' अशी स्वतंत्र नोंद आहे. आवेग आवरता न येण्याच्या विकारांत ती बसते. लैंगिक आवेग वारंवार, तीव्र येतात आणि दीर्घकाळ, म्हणजे साधारण सहा महिने किंवा जास्त, ताब्यात राहत नाहीत. थांबायचे प्रयत्न फसतात. आनंद उरला नाही तरी ते चालूच राहतं. आणि घर, काम, तब्येत यांचं खरोखर नुकसान होतं, असं त्याचं स्वरूप आहे.

त्याच वर्णनात आपल्यासारख्यांनी दोनदा वाचावी अशी एक अट आहे. त्रास जर फक्त "हे नीतीला धरून नाही" या भावनेतून होत असेल, तर तेवढ्यावरून हा विकार ठरत नाही. म्हणजे विशीतल्या मुलाला किंवा मुलीला लैंगिक इच्छा होते, हस्तमैथुन घडतं आणि मग अपराधी वाटतं, एवढ्यावरून कुणी आजारी ठरत नाही. गीताही इच्छेला सरसकट शत्रू म्हणत नाही. सातव्या अध्यायात भगवंत सांगतात, की प्राण्यांमधला धर्माला धरून असलेला काम मीच आहे. तिसऱ्या अध्यायातला शत्रू म्हणजे इच्छा मालक होऊन बसते ती अवस्था. हा फरक कळला नाही, तर निरोगी मुलं स्वतःला विकृत समजतात आणि ज्यांना खरंच मदत हवी, ते "सगळ्यांनाच होतं" म्हणून गप्प बसतात.

मग समुपदेशक नेमकं करतो काय? चाळिसाव्या श्लोकात कामाचे तीन मुक्काम सांगितलेत : इंद्रियं, मन आणि बुद्धी. मला तर तो उपचारांचा नकाशाच वाटतो.

इंद्रियांच्या पातळीवर साध्या गोष्टी असतात. फोन रात्री बेडरूमच्या बाहेर चार्जिंगला, ब्लॉकर, झोपेची वेळ पक्की. समुपदेशक नोंदी ठेवायला सांगतो : आवेग कधी आला, कुठे आला, त्याआधी काय घडलं होतं. आपल्या भाषेत, लॉग बघितल्याशिवाय बग सापडत नाही. भगवंतही एकेचाळिसाव्या श्लोकात सुरुवात इंद्रियांपासूनच करायला सांगतात.

मनाच्या पातळीवर नोंदींतून पॅटर्न दिसू लागतो. डेडलाईनचा ताण, भांडण, एकटेपणा, कंटाळा, कधी लहानपणीची एखादी जखम. आवेग लाटेसारखा चढतो आणि त्याला खाऊ घातलं नाही तर उतरतोही, हे सरावाने शिकवलं जातं. सहाव्या अध्यायात मन आवरायला अभ्यास आणि वैराग्य सांगितलंय. अभ्यास म्हणजे हेच, पुन्हा पुन्हा करणं.

बुद्धीचा मुक्काम सगळ्यात फसवा. "उद्यापासून बंद." "यात कुणाचं काय जातंय?" "आज खूप काम केलं, एवढं तर चालतं." ही वाक्यं आपलीच हुशार बुद्धी लिहून देते, त्यामुळे एकट्याला ती पकडता येत नाहीत. स्वतःचा कोड स्वतःच रिव्ह्यू केला की चूक सुटते, तसं. विचारांची ही पद्धत तपासून बदलण्याचं काम कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीत होतं.

मानसोपचारतज्ज्ञाला भेटण्याचं आणखी एक कारण आहे. कधी कधी असं वर्तन बायपोलर आजारातल्या मॅनियाचं लक्षण असतं, तर कधी पार्किन्सन्सवरच्या काही औषधांचा दुष्परिणाम. तिथे उपाय वेगळा लागतो. आणि सोबत नैराश्य असेल तर त्यावरही औषध लागू शकतं. हे लोकलच्या डब्यात 'गुप्तरोग' म्हणून जाहिरात चिकटवणाऱ्याला कळणार नाही, आणि ताईत देणाऱ्यालाही नाही.

पण मग नामस्मरणाचं काय? बेचाळिसाव्या श्लोकात इंद्रियांच्या पलीकडे मन, मनाच्या पलीकडे बुद्धी आणि बुद्धीच्याही पलीकडे 'तो' आहे असं सांगितलंय. साधनेचं घर तिथे आहे. समुपदेशक तिथे ढवळाढवळ करत नाही, तो खालचे तीन मजले साफ करायला मदत करतो. वारीच्या वाटेवर पायाला फोड आलेला वारकरी वैद्यकीय पथकाकडे पाय दाखवतो, पट्टी बांधून घेतो आणि पुन्हा दिंडीत चालू लागतो. त्याची विठ्ठलावरची निष्ठा कमी झाली असं कुणी म्हणत नाही. उलट, फोड झाकण्यासाठी कुणी जास्त जोरात टाळ वाजवू लागला, तर त्याला थांबवावं लागेल. जप जर कबूल करणं टाळण्याची जागा झाला असेल, तर दोष नामाचा नाही, त्या लपण्याचा आहे.

आता तिच्याबद्दल, जिच्या हाती फोन लागला. (काही घरांत हे उलटही असतं, बायकोचं वर्तन आणि नवऱ्याचं दुःख.) तिला झोप लागत नाही. "मी कमी पडले का?" हा प्रश्न थांबत नाही. प्रत्येक नोटिफिकेशनला छातीत धस्स होतं. तिला सगळ्यात जास्त लागतं ते खोटं. चार वर्षांतलं काय खरं होतं, हेच कळेनासं होतं. वर नातेवाईक ऐकवतात, "पुरुषांचं असतंच असं, तू जरा लक्ष दे." ताई, हे तुमच्यामुळे झालेलं नाही, आणि बरं करण्याची जबाबदारीही तुमची नाही. तुम्ही त्याचं औषध नाही आणि त्याच्यावरच्या वॉचमनही नाही. तुमच्यासाठी वेगळा समुपदेशक असणं हा तुमचा हक्क आहे.

आणि भाऊ, "मी थेरपी सुरू केली, आता तरी माफ कर" हा सौदा होत नाही. फळावर अधिकार नाही, हे आपण रोज वाचतो. ते इथेही लागू आहे. उपचार घ्यायचे ते योग्य आहे म्हणून. ती थांबेल की जाईल, हा तिचा निर्णय. खरं सांगताना तुकड्यातुकड्यांनी सांगितलं की प्रत्येक तुकड्याला जखम नव्याने उघडते, म्हणून समुपदेशकाच्या मदतीने, तिची तयारी बघून, एकदाच पूर्ण सांगावं. एक गोष्ट मात्र लांबवू नये. बाहेर शारीरिक संबंध आले असतील, तर तिच्या तब्येतीचा प्रश्न आहे. सरकारी रुग्णालयांतल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते. बाकीच्या लैंगिक संसर्गांच्या तपासण्यांसाठीही डॉक्टरांना विचारावं.

एक सीमाही स्पष्ट असू दे. जिथे जबरदस्ती आहे, किंवा लहान मुलांचा कसलाही संबंध आहे, तिथे 'आवेग' हा शब्द ढाल होऊ शकत नाही. तो गुन्हा आहे, आणि तिथे आधी समोरच्याचं संरक्षण.

कुठे जायचं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे. आधी फोनवर बोलायचं असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून 'शट' नावाचं क्लिनिक आहे. "बाहेर कळलं तर?" ही भीती खरी आहे. म्हणून हेही माहीत असावं, की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय. अपवाद मोजके आहेत, जसं कुणाच्या जिवाला धोका असेल तर. पहिल्याच भेटीत ते विचारून घ्या.

महाभारतातला ययाती आठवतो. इच्छा भागेल या आशेने त्याने पोटच्या मुलाचं, पुरूचं, तारुण्य मागून घेतलं आणि हजार वर्षांनी कळलं की भोगाने भूक वाढतेच. ती हजार वर्षं पुरू म्हातारपण घेऊन बसला होता. आपल्या न आवरलेल्या इच्छेचं बिल बहुतेक वेळा जवळचाच कुणीतरी भरत असतो. लवकर विचारण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

आजचा संकल्प : ज्यांना हे वाचताना आतून काही टोचलं, त्यांनी आज शपथ घेऊ नका. एक अपॉइंटमेंट घ्या. "माझ्या एका मित्राला" अशी सुरुवात केली तरी चालेल, अर्जुनानेही तशीच केली होती. आणि ज्यांना काही टोचलं नाही, त्यांनी एवढंच करा : कुणी असा 'मित्र' घेऊन आला, तर हसू नका आणि प्रवचनही देऊ नका. ऐका, आणि योग्य माणसापर्यंत पोचवा.

हे पांडुरंगा, ज्याला विचारायची लाज वाटते त्याला शब्द दे, आणि जिचा विश्वास तुटला तिला आधार दे.

राम कृष्ण हरी!